धुकेगडची आज्जी

माणसं राक्षसावरून भांडत नाहीत हो, वर्गणीवरून भांडतात. हे तिला धुकेगडनं शिकवलं.

धुकेगड म्हणजे संगणकावर खेळायचा खेळ. एक डोंगरी राज्य, बारा महिने धुक्यात बुडालेलं. आत जादूगार, शिकारी, वैद्यिणी आणि गावं जाळत फिरणारे राक्षस. हजारो लोक आपापल्या घरात बसून त्या एकाच राज्यात हिंडायचे. पहिले तीन महिने सगळं फुकट होतं. चौथ्या महिन्यापासून दरमहा वर्गणी, असं कंपनीनं जाहीर केलं मात्र, राक्षस राहिले बाजूला आणि खेळाडूच एकमेकांच्या उरावर बसले.

ती त्याच कंपनीत नोकरीला. तिचं काम त्या भांडणावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. खेळाच्या चर्चेच्या पानावर लोक लिहितील ते वाचायचं, शिव्या पुसायच्या, फारच माजला असेल त्याला चार दिवस बाहेर काढायचं. वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारी एक मुलगी असते ना, तसंच. म्हणून ऑफिसात तिला सगळे मॉनिटर म्हणत. वय बेचाळीस, मान कायम आखडलेली, आणि घरी अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली आई.

पानावर दोन तट पडले होते. एक वर्गणीवाले. त्यांचं म्हणणं, पैसे घ्या पण जाहिराती नकोत, टवाळ पोरं नकोत, निवांत खेळू द्या. दुसऱ्यांना हे लोक ‘फुकटे’ म्हणून हिणवायचे, तर त्यांनी ते नाव झेंड्यासारखं मिरवायला घेतलं. फुकट्यांचं म्हणणं असं, की तीन महिने आम्ही रात्रंदिवस खपून गावं वसवली, पूल बांधले, आणि आता आमच्याच वेशीवर आमच्याकडूनच जकात घेता? खरं सांगायचं तर मॉनिटरला दोघांचंही पटायचं. पण पगार एकाच बाजूचा होता.

फुकट्यांचा म्होरक्या स्वतःला ‘खाटीक’ म्हणवायचा. हा माणूस कधी शिवी द्यायचा नाही. उद्गारचिन्हसुद्धा टाकायचा नाही. ‘तुम्ही खोटं बोललात. मंगळवारी असं म्हणाला होता. आज असं म्हणता. मी दोन्ही जपून ठेवलंय.’ बस, एवढंच. शिवी असती तर पुसता तरी आली असती. त्याचं नाव पडद्यावर दिसलं की ती आधी कंपनीच्याच जुन्या सूचना उघडून बघायची.

आता त्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. मॉनिटरच्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकीनं चार-चार ‘पाहुणे’ पोसायचे. पाहुणा म्हणजे खोटा खेळाडू. नाव आपण ठेवायचं, मत कंपनीचं लिहायचं. साहेबांचा एकच आग्रह: पाहुणा जिवंत वाटला पाहिजे. ‘नुसतं छान-छान लिहू नका. त्याला गुडघेदुखी द्या, खिडकी द्या, खिडकीतून काहीतरी दिसू द्या.’ शेजारच्या टेबलावरची चष्मिस तर इतकी तयार होती, की तिचे दोन पाहुणे एकमेकांशी भांडून बोलेनासे झाले होते.

मॉनिटरला असलं सुचायचं नाही. वर्गणी जाहीर झाल्यावर साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले, ‘उद्या दुपारपर्यंत काहीतरी हृदयाला भिडणारं हवं.’ तिनं खूप डोकं खाजवलं. मग घरी जे समोर होतं तेच लिहून टाकलं.

‘मी अडुसष्ट वर्षांची म्हातारी. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरता येत नाही. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधून हे लिहितेय. खिडकीतून बेकरीचं धुराडं दिसतं तेवढंच माझं जग. पण धुकेगडात मी वैद्यीण आहे, डोंगर चढते, जखमी शिकाऱ्यांना बरं करते. वर्गणीचं म्हणाल तर बाहेर फिरायला तुम्ही चप्पल घेताच ना? ही माझी चप्पल.’

खाली नाव टाकलं, आज्जी. आणि एक फोटो. तो तिनं सकाळीच घरी काढला होता. आईचा डावा हात टेबलावर, मागे खिडकी. आधी विचारलंही होतं, ‘आई, हाताचा एक फोटो काढू का गं?’ आई म्हणाली, ‘हो.’ झटक्यानंतर आईकडे तेवढाच एक शब्द उरला होता. जेवणार का, हो. झोपणार का, हो. थंडी वाजतेय का, हो. समजायचं सगळं, वर्तमानपत्रसुद्धा वाचायची, पण तोंडून यायचं ते हो.

आज्जीनं पानावर कहर केला. वर्गणीवाले ढसाढसा रडले. फुकट्यांतले अर्धे गप्प बसले, काही तर खजील होऊन तिकडे गेले. कुणी आज्जीसाठी खेळात घर बांधलं, कुणी दवाखाना. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मॉनिटर त्या दिवशी घरी गेली तेव्हा तिला आईकडे नीट बघवेना. पण ते दोन दिवसच. माणसाला कशाचीही सवय होते, निर्लज्जपणाची लवकर होते. आज्जी रोज लिहू लागली. मॉनिटर रोज घरी बघायची आणि सकाळी आज्जीच्या नावानं लिहायची: आज चमचा धरता आला, आज खिडकीत पाखरू बसलं.

तीन आठवड्यांनी, बुधवारी सकाळी सव्वादहाला, खाटीक लिहिता झाला.

‘आज्जी दिवसातून सहा तास खेळते असं म्हणते. पण आज्जीची वैद्यीण गेल्या एकवीस दिवसांत एकदाही डोंगर चढलेली नाही. मी तिच्या दवाखान्यासमोर बसून पाहिलंय. आज्जी खरी असेल तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन आणि वर्गणी भरेन. खोटी असेल तर तिच्या दारात जाऊन विचारेन.’

मॉनिटरनं वैद्यिणीचं खातं उघडून बघितलं, एकही खेळ नव्हता. लिहायचं तेवढं लिहिलं, पण खेळायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पाहुण्यांना कोण कशाला खेळवेल?

आणि मग पान पेटलं. गंमत म्हणजे शोधायला दोन्ही तट एकदम उठले. फुकट्यांना आज्जीची लबाडी उघडी पाडायची होती आणि वर्गणीवाल्यांना तिला फुलं द्यायची होती. फोटो पुन्हा वर आला. कुणी तो मोठा केला. ‘धुराड्यावर अक्षरं आहेत, शेवटची दोनच वाचता येतात.’ ‘खिडकीच्या गजांची नक्षी बघा, असले गज बसवलेल्या इमारती आमच्या भागात आहेत.’ ‘पलीकडच्या गच्चीवर पाण्याची टाकी. टाकीवर मासा रंगवलाय.’

‘मासा मी ओळखतो,’ खाटकानं लिहिलं. ‘कामावर जाताना रोज दिसतो.’

तिनं ते पुसलं. ते दुसऱ्या नावानं परत आलं. तिनं पुन्हा पुसलं. तोवर चारशे लोकांनी उतरवून घेतलं होतं. मग कुणीतरी गल्लीचं नाव टाकलं. मग इमारतीचा क्रमांक. तिच्या इमारतीचा! रोज सकाळी जिच्या जिन्यावरून ती घाईघाईनं उतरायची, ती इमारत तिला पडद्यावर अनोळखी माणसांच्या हातात दिसत होती.

तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्यात काही नवल नव्हतं. फोन खाटेपासून चार पावलांवर होता आणि भिंत धरत उठायला आईला वेळ लागायचा. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजारच्या काकूंना लावला. त्यांच्याकडे किल्ली असायची, दुपारचं जेवण त्याच भरवायच्या. काकूंचा फोन बंद.

‘साहेब, पान बंद करा. तासभर तरी,’ ती केबिनच्या दारातच म्हणाली.

‘आज? अगं, आज जेवढे लोक आलेत तेवढे महिन्याभरात आले नव्हते.’

‘साहेब, ते घर माझं आहे. आज्जी म्हणजे माझी आई आहे.’

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, आता उठतील. ‘म्हणजे आजारी बाई खरंच आहे तिथे?’ ते म्हणाले. ‘मग काय बिघडलं? बघू दे की त्यांना.’ आणि फोन बाहेर ठेवून ते मिटिंगला निघून गेले.

ती जागेवर आली तेव्हा नवी ओळ आली होती. खाटीक. ‘जिना चढतोय.’

तिच्या डोळ्यासमोर काय काय आलं म्हणून सांगू. आई खाटेवर, दार धडाधड वाजतंय, आई भिंत धरून उठतेय. बाहेरून कुणी विचारतंय, म्हातारे, तू खोटी आहेस ना? आणि आई म्हणतेय, हो. कंपनीनं पैसे दिले ना? हो. आम्हाला फसवलंस ना? हो.

तिनं कंपनीचं अधिकृत खातं उघडलं. आणि लिहिलं: ‘आज्जी नावाची कोणी खेळाडू नाही. ती मी, कंपनीच्या नोकरीत असताना, कंपनीसाठी लिहिली. फोटोतल्या घरी एक आजारी बाई राहते, तिचा या खेळाशी काहीही संबंध नाही. कृपा करून तिथे जाऊ नका.’ आणि बटण दाबलं. नोकरी गेली, हे तिला कळलं. त्या घडीला त्याचं तिला काही वाटलं नाही.

पण कंपनीची सूचना लगेच झळकत नाही. मागे एकदा साहेबांनी रागाच्या भरात सगळ्या खेळाडूंना गाढव म्हटलं होतं, तेव्हापासून सूचना अर्धा तास अडकून राहते आणि मग आपोआप बाहेर पडते. मधल्या वेळात ती थांबवायचा अधिकार एकट्या साहेबांना. ही गोष्ट मॉनिटरला टॅक्सीत बसल्यावर आठवली. तिनं कपाळावर हात मारून घेतला. अर्ध्या तासात त्या खोलीत काहीही होऊ शकत होतं.

टॅक्सी सिग्नलला अडकली. ती पान बघत होती. दहा मिनिटं कुणी काही लिहीना, आणि ती शांतता तिला सोसवेना. ‘जरा दामटा ना,’ ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. ‘उडून जाऊ का, बाई?’ तो म्हणाला.

मग खाटकाचं आलं. लांबलचक. त्याची एवढी मोठी नोंद तिनं कधी पाहिली नव्हती.

‘मी आज्जींच्या घरी आहे. आज्जी खऱ्या आहेत. हात तोच आहे, खिडकी तीच आहे. त्यांना बोलता येत नाही, पण मी विचारलं, तुम्हीच का धुकेगडातल्या वैद्यीण, तर म्हणाल्या, हो. माझी आई अशीच गेली. ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. मी संशय घेतला, मला लाज वाटते. सगळ्यांची माफी मागतो. मी वर्गणी भरली आहे. फुलं पाठवायची असतील तर पत्ता खाली देतो.’

तिचा जीव भांड्यात पडला. आई सुखरूप होती! रस्त्यातच हसू आलं तिला, रडूही आलं. आणि दुसऱ्याच क्षणी ती सूचना आठवली. सूचना वाटेतच होती. बारा मिनिटांनी ती बाहेर पडणार होती.

तिनं चष्मिसला फोन लावला. ‘साहेबांना मिटिंगमधून उठव. माझी सूचना थांबवायला सांग. आत्ताच्या आत्ता!’

‘अगं, पण लिहिलंस ते खरं आहे ना?’

‘खरं आहे म्हणूनच थांबव गं बाई! पाया पडते तुझ्या.’

चष्मिस धावली असावी, तिच्या चपलांचा आवाज फोनमध्ये ऐकू येत होता. मग कुणाचंतरी दार वाजवणं. मग ‘मिटिंग चालू आहे, थांबा’ असा कुणाचातरी आवाज. मॉनिटर फोन कानाला लावून गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि पळत सुटली. मघाशी खरं सांगायला जिवाच्या आकांतानं लिहिणारी बाई आता खोटं वाचवायला जिवाच्या आकांतानं तीन मजले चढत होती. माणसाचं काही सांगता येत नाही हो.

दुसऱ्या मजल्यावर काकू भेटल्या, हातात रिकामा तांब्या. ‘किती गोड माणसं गं ही! मीच कुलूप उघडलं. अगं, तू सांगितलं नाहीस कधी, तुझी आई एवढी प्रसिद्ध आहे ते?’

दार सताड उघडं होतं. खोलीत चौघंजण, सगळे पानावरचे. एक नवरा-बायको खाटेच्या पायथ्याशी अवघडून बसलेले. एक तरुण मुलगी आईच्या पायाशी जमिनीवर, आईचा डावा हात तिच्या दोन्ही हातांत. आणि भिंतीशी उभा एक उंच, किडकिडीत माणूस, बूट बाहेर काढून, मोज्यांवर. त्याच्या हातात आईचा पाण्याचा पेला होता. आईला पाणी सावकाश पाजावं लागतं, हे त्याला कुणी न सांगता ठाऊक असावं.

आणि आई हसत होती. अर्ध्याच तोंडानं, पण हसत होती. आठ महिन्यांत त्या खोलीत डॉक्टर आणि काकूंशिवाय कुणी आलं नव्हतं. तिचे केस कुणीतरी विंचरले होते. मांडीवर पिवळी फुलं होती.

‘या, या,’ उंच माणूस म्हणाला. ‘तुम्ही मुलगी ना? मी खाटीक. म्हणजे तसा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो.’ तो ओशाळून हसला. ‘तुम्हाला आमचा त्रास झाला असेल.’

कानाशी धरलेल्या फोनमध्ये चष्मिस म्हणत होती, ‘ते बाहेरच येत नाहीयेत गं. मी काय करू?’

तेवढ्यात पायाशी बसलेल्या मुलीचा फोन वाजला. मग नवऱ्याचा, मग बायकोचा. मुलीनं एका हातानं फोन काढून वाचला. मग आईच्या हाताखालचा दुसरा हातही काढून घेतला. आईचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. आई मुलीच्या तोंडाकडे बघू लागली.

खाटकानं पेला खाली ठेवला आणि वाचलं. दोनदा वाचलं असावं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बारा-तेरा मिनिटांपूर्वी त्यानं स्वतःची मेलेली आई हजारो लोकांपुढे मांडली होती.

‘हे तुम्ही लिहिलंत?’

नाही म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ‘मीच,’ ती म्हणाली.

‘आजी,’ तो खाटेकडे वळला. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. ‘तुम्ही धुकेगड खेळता?’

‘हो,’ आई म्हणाली.

‘हा खेळ कधी पाहिलाय तुम्ही?’

‘हो.’

‘बघा, म्हातारीलाही पढवून ठेवलंय,’ नवरा उठत म्हणाला. ‘सगळं घरच सामील आहे. लाज नाही वाटत, बाई?’ मुलीनं फोन उभा धरला होता, बहुतेक चित्रण करत होती. आई एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती आणि भराभर म्हणत होती, ‘हो, हो, हो.’

‘तिला ओरडू नका!’ मॉनिटर मधे येऊन उभी राहिली. ‘तिला दुसरं काही बोलताच येत नाही. काहीही विचारा, ती हो म्हणते. तिच्या हो म्हणण्याला काही अर्थ नाही.’

तिनं वळून बघितलं. आईचं हसू केव्हाच गेलं होतं. आई तिच्याकडेच बघत होती, आणि आईला सगळं समजत होतं.

‘मग फोटो काढायच्या आधी त्यांना विचारलं असेल ना,’ खाटीक हळूच म्हणाला, ‘तेव्हा काय म्हणाल्या?’

त्यानं विचारलं ते रागानं नव्हे, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं. तिनं त्यानं खाली ठेवलेला पेला उचलून टेबलावर नेला. एकेक जण बाहेर पडला. मुलीनं जाताना फुलं परत उचलली, मग काय वाटलं कोण जाणे, दाराशी टाकून दिली. खाटीक शेवटी उरला. उंबऱ्याबाहेर बसून त्यानं बूट घातले, लेस नीट बांधल्या.

‘मी परत येणार नाही,’ तो म्हणाला. ‘पण मघाशी माफी मागताना मी सगळा पत्ता टाकला, फुलं पाठवता यावीत म्हणून. आता काढून टाकतो. पण तो उतरून घेतला असेल लोकांनी. तुम्ही काही दिवस इथे राहू नका.’

ती दार लावून कडी घालायला धडपडली. खाली गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला, मग दुसरी. पानावर तिनं एकदाच बघितलं. वर्गणीवाले आणि फुकटे, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, एकाच सुरात बोलत होते. कुणीतरी तिच्या दाराचा फोटो टाकला होता.

‘आई, ऊठ गं, आपण मावशीकडे जाऊ. मागच्या जिन्यानं जाऊ. घाबरू नकोस, मी आहे ना.’ ती कपाटातून आईची शाल ओढत होती, औषधं पिशवीत कोंबत होती. ‘मला माफ कर गं आई. नंतर हवं तितकं रागाव, आधी चल.’

मागून आईच्या पावलांचा आवाज आला. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. तिला वाटलं, आई दाराकडे येतेय. ती वळली तोवर आई भिंत धरत आतल्या खोलीत पोचली होती. दार लोटलं गेलं. डाव्या हातानं कडी शोधायला आईला वेळ लागला. ती दोनदा निसटल्याचा आवाज आला, तिसऱ्यांदा बसली.

‘आई? आई, अगं असं काय करतेस?’

आतून ‘हो’सुद्धा आलं नाही. बाहेर जिन्यावर पावलं चढत होती, एकाची नव्हेत, पाच-सहा जणांची, आणि कुणीतरी मजले मोजत होतं. तिनं खिडकी लावून घेतली. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ती आतलं दार एका बोटानं, अगदी हळू वाजवत राहिली. ‘आई, उघड गं. आई, मला आत घे.’